चरख्याचा पहिला ठिपका

१ डिसेंबर १९३०, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. निर्णय झाला आहे. अंगावर देश गोंदवून घेणार. छातीवर, मधोमध, भारतमाता. मागे नकाशा. पायाशी सिंह. जागा उरली तर कमळ.
कारण सांगायला हरकत नाही, वाचणारा मीच. परतवाड्याच्या गोदामावशीनं अकोल्याचं स्थळ आणलं आहे. केशवराव, फुलमळेवाले. सत्याग्रहात सरकारी जंगलातलं गवत कापून तीन महिने तुरुंगात बसून आले. मुलगी सुभद्रा. अट एकच, जावयानं देशासाठी काहीतरी केलेलं असावं. मी केलेलं: कोटाच्या आत खादीची बंडी घालतो. हे ऑफिसात कोणाला माहीत नाही. अकोल्यातही कोणाला माहीत नाही, ही मोठी अडचण.
गवत मीही कापलं असतं. पण सरकारी नोकरी, त्यात अजून टेम्पररी. शिवाय गवतानं मला खाज येते.

३ डिसेंबर, बुधवार.
छाती रद्द.
आईनं (माणिकबाईनं, रागात असली की मी तिला मनात नावानं बोलतो) विचारलं की अकोल्याले जाऊन अंगरखा काढून बसशीन का लेका? बरोबर आहे. शिवाय आपल्याकडे गोंदायला येते ती मैनाबाई. तिच्या हातची लक्ष्मी, सीता आणि गवळण एकाच तोंडवळ्याच्या. भारतमाताही तशीच होणार. सुभद्रेनं पुढेमागे पाहिली तर विचारणार की ही बाई कोण. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात हा खुलासा करत बसायचा? नको.

६ डिसेंबर, शनिवार. ऑफिस, दुपार.
नवा प्लॅन: हातावर निशाण. फडकतं.
अडचण एक: निशाणाला रंग तीन, मैनाबाईकडे काजळीचा एकच.
अडचण दोन: हेडक्लार्क शेषरावजी. त्यांना सहज, अगदी दुसऱ्याच कोणाचा विषय असल्यासारखं विचारलं की सरकारी नोकराच्या अंगावर चित्र असलं तर चालतं का. म्हणाले, बिल्ला असला तर काढून ठेवता येते, टोपी असली तर खिशात घालता येते, हात काय घरी ठेवून येशीन? मग दिवसभर माझ्या हातांकडे पाहत होते. मी मुद्दाम दोन्ही हातांनी लिहिल्यासारखं केलं.
मार्चमध्ये कन्फर्म व्हायचं आहे. निशाण रद्द. माघार नाही ही. फेरविचार.

९ डिसेंबर, मंगळवार.
सापडलं! चरखा!
मी किती हुशार आहे हे कधीकधी मलाच उशिरा कळतं. चरखा म्हणजे चाक. आम्ही माळी. अकोल्यात विचारलं तर चरखा, साहेबानं विचारलं तर मोटेचं चाक, सर, फादर इज गार्डनर. एक चित्र, दोन उत्तरं. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा. बाही खाली केली की ऑफिस, वर केली की अकोला. बाही वर करण्याची प्रॅक्टिस सुरू. चहाची बशी उचलताना आपोआप वर गेली असं वाटलं पाहिजे.
कागदावर ड्रॉइंग काढून बाबांना दाखवलं. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. खूप वेळ पाहून म्हणाले, रसवंतीचा घाणा बरा काढला रे. बाबांचं शिक्षण कमी पडलं.

१५ डिसेंबर, सोमवार.
अकोल्याहून निरोप. पाहण्याचा कार्यक्रम ५ जानेवारी, सोमवार. रविवारी त्यांच्या फुलांची गर्दी असते. आई कुरकुरली, पौषात कोणी मुलगी पाहते का म्हणून. मावशीनं सांगितलं, केशवराव म्हणतात की तुरुंगात गेलो तवा महिना पाहून गेलो नव्हतो. सासरा तेजस्वी आहे. मी पण तेजस्वी राहायचं ठरवलं आहे.

२१ डिसेंबर, रविवार.
मैनाबाई आमच्या गल्लीत पुढच्या रविवारी येणार. कापूस वेचून झाला की ती अमरावती, अकोट, अकोला असा सगळा मुलूख फिरते. अर्ध्या वऱ्हाडातल्या बायांच्या हातावर तिचीच तुळस.
सुयांची मला भीती नाही. आईला फक्त किती असतात एवढं विचारलं. तीन, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. बरं. किती वेळा टोचतात? आई म्हणाली की मोजत बसलं तर जास्ती दुखते. मग तिनं मैनाबाईची रीत सांगितली. ती आधी एकच ठिपका देते आणि माणसाच्या तोंडाकडे पाहते. बसला तर पुढचं काढते. उठला तर तेवढ्यावर सोडते, कारण अर्धं चित्र अंगावर ठेवणं वाईट. माझ्या कामाची माहिती नाही ही. तरी लिहून ठेवली.

२८ डिसेंबर, रविवार.
सकाळी ८. आंघोळ झाली. मन शांत.
८.१०. ओट्यावर मैनाबाई. भोवती गल्लीतल्या अकरा बाया. पुरुषमाणूस गोंदवतो म्हणून कामं टाकून आल्या. काहून आल्या असतील, घरी भाकरी नाहीत का?
८.१५. मैनाबाईला ड्रॉइंग दिलं. उलटं धरून पाहिलं. म्हणाली, गांधीबाबाचा चरखा ना, येते मले, हात आन इकडं. मन अजून शांत.
(पुढचं दुपारी लिहितो आहे.)
तिनं गाणं सुरू केलं आणि ठिपका दिला. अगं माय वो! म्हणजे मी ओरडलो नाही. गल्लीतल्या बाया म्हणतात ओरडलो, त्या लांब बसल्या होत्या. त्याच क्षणी मला ऑफिसातली एक अर्जंट फाईल आठवली. आज रविवार आहे हे बाजारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं. तिथं तासभर वांगी पाहत उभा राहिलो.
परत आलो तर मैनाबाई गेलेली. आईनं तिला पायलीभर ज्वारी दिली. मी म्हटलं एका ठिपक्याला पायली? आई म्हणाली, तिनं थांबून वाट पाहिली तुई, त्याची.

३० डिसेंबर, मंगळवार.
विचार करता करता लक्षात आलं की झालं ते उत्तमच झालं. चरख्यात मुख्य काय? आस. चाक ज्याच्याभोवती फिरतं तो मधला बिंदू. आरे, दोरी, चाती हे सगळं वरवरचं. मी सार तेवढं घेतलं. चरखा तर कोणीही गोंदवील. आस गोंदवायला विचार लागतो.
ऑफिसात मुद्दाम बाही वर करून बसलो. शेषरावजींनी पाहिलं, म्हणाले शाई सांडली तुह्या हातावर, आणि ब्लॉटिंग पेपर दिला. टिपल्यासारखं केलं. गुप्त देशकार्य म्हणतात ते हेच.

३ जानेवारी १९३१, शनिवार.
सोमवारच्या रजेचा अर्ज. कारण मुलगी पाहणे लिहिलं तर शेषरावजी मुलगी कोणाची विचारतील. म्हणून लिहिलं, गोदामावशी वारली. हळहळले, एकदा तिच्या हातचं जेवले आहेत. म्हणाले, तेराव्यालेही जाशीन ना, पंधरा तारीख येते, आताच लिहून दे. लिहून दिलं. फार मनापासून बोलत होते, नाही म्हणवेना.
मावशी आज मुक्कामाला आली आहे. तिच्या आवडीचं भरीत केलं.

५ जानेवारी, सोमवार. अकोल्याहून परतीची गाडी.
मी, आई आणि (कै.) मावशी. केशवरावांचं घर मळ्यातच. सगळीकडे झेंडू. सुभद्रा चहा घेऊन आली. सावळी, उंच. बशी देताना तिचा हात दिसला. मनगटापासून वर अख्खा चरखा. आरे, दोरी, चाती, सूत, सगळं. मैनाबाईचा हात मी ओळखला.
तरी डगमगलो नाही. बाही ठरल्याप्रमाणे वर गेली. केशवरावांनी चष्मा लावला, हे काय आहे विचारलं. मी आसाचा विचार सांगितला. छान सांगितला. दाराआड बाया खुसखुसल्या. केशवराव म्हणाले, मंग बाकीचा चरखा काहून नाही काढला? मी म्हटलं, काजळी संपली.
त्यावर सुभद्रेनं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. विचारलं, खरंच संपली होती का? रागानं नाही विचारलं. उलट हसू येईल असं तिचं तोंड झालं होतं, आणि मला ती फार आवडली. मी म्हटलं, अगदी संपली होती, डबी खरवडून पाहिली. तिचं हसू गेलं. कप उचलून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.
एकंदरीत कार्यक्रम चांगला झाला. मुली लाजतातच.

१० जानेवारी, शनिवार.
निरोप नाही. चांगल्या घरी घाई करत नाहीत.
वरातीला कोट की शेरवानी? कोट. आत बंडी आहेच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
मावशी अकोल्याहून आली. आली तेव्हाच तिचं तोंड पाहून समजायला हवं होतं. सुभद्रा नाही म्हणाली.
मी म्हटलं, एका चरख्यापायी? मावशी म्हणाली, चरख्याचं नावच नको काढू. तो ठिपका वऱ्हाडात कोणत्याही बाईले दाखव, ती सांगते की हा मैनाबाईच्या सुईखालून पळाला. त्या दाराआडच्या बाया त्याच्याचपायी हसत होत्या. आणि सुभद्रेच्या डाव्या मनगटावरही तसाच ठिपका आहे. सातव्या वर्षी पळाली होती, पेरूच्या झाडावर जाऊन बसली. बाप तुरुंगात गेला, मग तिनंच मैनाबाईले बोलावून घेतलं, सकाळभर बसली, डोळ्यातून पाणी गाळत बसली, पण उठली नाही.
मावशीजवळ तिनं सांगितलं की ठिपका पाहून मले तर बरं वाटलं होतं, म्हटलं हा आपल्यातला हाये. मी पळालो, एवढं ते बोलले असते तर मी तिथंच हो म्हणाली असती. खरंच का म्हणून विचारून मी त्याईले संधीही दिली, पण त्याईनं डबी खरवडली.
वाईट वाटलं. खूप वाटलं. रुमाल सापडेना म्हणून बाहीनं डोळे पुसले, तर ठिपकाच समोर आला. घासून पाहिला. जात नाही.
आईनं तिळगूळ हातावर ठेवला. बाबा म्हणाले, पोरगी भली होती रे.
बस. आता पक्कं ठरलं. यापुढे खरंच बोलायचं, काहीही होवो. उद्यापासूनच.
उद्या नको. उद्या मावशीचं तेरावं आहे, अर्ज मंजूर झाला आहे. मावशी स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे, उद्या दिवसभर तिला घराबाहेर पडू द्यायचं नाही, शेषरावजी याच रस्त्यानं जातात.
परवापासून.