साहेबांना काही म्हणायचं नाही

४ सप्टेंबर, सोमवार

मुख्यालयातून मानसशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. सगळ्या ऑफिसरांना तोच प्रश्न: सैन्याविरुद्ध बातम्या छापून येतात त्यांचा तुमच्यावर किती परिणाम होतो? मी म्हटलं, शून्य. इतर ऑफिसरांवर? थोडाफार. जवानांवर? प्रचंड. त्यांच्या घरच्यांवर? विचारूच नका. बाई हसल्या. म्हणाल्या, गंमत आहे, प्रत्येक ऑफिसर अगदी हेच सांगतो. त्यात गंमत कसली? सगळेच सांगतात म्हणजे खरं असणार.

५ सप्टेंबर, सकाळ

आली. पान तीन, डावीकडे, तळाला. 'तरंगता पूल की बुडता पूल?' गेल्या वर्षी सरावात आमच्या पुलावरून एक जीप पाण्यात गेली, ते उकरून काढलंय. नदीवर तासाभरात तरंगता पूल टाकणं हे माझ्या तुकडीचं काम. येत्या शुक्रवारी, म्हणजे तेरवा, पाहुण्यांसमोर सराव आहे. बरोबर आत्ताच छापायचं होतं!

माझ्यावर काही परिणाम नाही. चहा गार झाला एवढंच. काळजी आहे ती पोरांची. पुलावर ट्रक घालणाऱ्या ड्रायव्हरचं मन डळमळलं की संपलं.

निर्णय: कॅम्पात येणाऱ्या प्रत्येक पेपरातून ही बातमी कापायची. स्वतः कापली. कात्री बायकोच्या शिवणाच्या डब्यातली, न विचारता घेतली.

संध्याकाळ

घोळ. पेपरातलं भोक बघून सगळ्यांना चेव आला. भोकात काय होतं यावर जेवणाच्या रांगेत पैजा लागल्या. शुक्रवारी पहिला ट्रक जो नेणार आहे, ज्याला सगळे मामा म्हणतात, त्याच्या बायकोने गावाहून फोनवर अख्खी बातमी वाचून दाखवली. ती याने रांगेत सगळ्यांना ऐकवली. उपप्रमुख म्हणतो, सर, कापली नसती तर कुणी पान तीन उघडलंच नसतं, पोरं खेळाच्या पानापुढे जात नाहीत. मनाने चांगला आहे बिचारा, पण त्याला माणसं वाचता येत नाहीत.

बायकोने कात्री मागितली. धार गेलीय म्हणाली.

६ सप्टेंबर, बुधवार

परिणाम दिसायला लागला. मामा जेवला नाही. बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं खचू नकोस. तो म्हणाला, खचलो नाही साहेब, दाढ दुखते. स्वाभिमानी माणूस! असं तोंडावर कोण कबूल करतं?

आज पेपरात पुन्हा दोन ओळी. 'छावणीकडून खुलासा नाही.' वार्ताहर सकाळपासून फोन करतोय. आदेश काढला: बाहेरच्या कुणाचाही फोन जोडायचा नाही. ऑपरेटरने एकच वाक्य बोलायचं, साहेबांना काही म्हणायचं नाही, आणि ठेवून द्यायचा. त्याच्याकडून घोकून घेतलं. उपप्रमुखाने विचारलं, बाहेरचा म्हणजे नक्की कोण, सर? म्हटलं, बाहेरचा म्हणजे बाहेरचा. आदेशात फाटे फोडू नयेत.

दुपारी बायकोने घरून फोन केला होता म्हणे. ऑपरेटरने तिलाही वाक्य ऐकवलं. संध्याकाळी म्हणाली, त्यात नवीन काय, हे मला लग्नापासून माहीत आहे.

७ सप्टेंबर, गुरुवार

झोप नाही. उशी बदलायला हवी.

कात्रणं टेबलाच्या खणात ठेवलीत. मधूनमधून काढून वाचतो. शत्रूचा अभ्यास लागतो. 'बुडता' हा शब्द मुद्दाम जाड टाइपात घेतलाय.

ऑपरेटर सांगत आला. वरच्या धरणाच्या ऑफिसातून बोलतोय म्हणून एक माणूस कालपासून सारखा फोन करतो. उद्याच्या पाण्याबद्दल तातडीने सांगायचंय म्हणतो. मला हसू आलं. बातमी बुडत्या पुलाची, आणि याला बोलायचंय पाण्याबद्दल! गेल्या वर्षी असाच एक वार्ताहर वीज कंपनीचा माणूस म्हणून आत घुसला होता. म्हटलं, वाक्य ऐकव. ऑपरेटर चाचरला. पण सर, माणूस घाबरलेला वाटतो, म्हणाला.

बघा. ऑपरेटरपर्यंत पोचलंय हे सगळं. सरावाआधी सगळ्यांसमोर भाषण करायला हवं. विषय: मनोधैर्य.

८ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ

गेटवर एक माणूस अडवलाय. स्कूटरवरून आलेला. धरणाचा इंजिनिअर आहे म्हणतो. ओळखपत्रसुद्धा दाखवलं! केवढी ती तयारी. सराव संपेपर्यंत गेटच्या खोलीत बसवून ठेवा म्हटलं. चहा द्या. आपण रानटी नाही.

नदीकाठी

पूल वेळेआधी पूर्ण. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वार्ताहरही आलाय, निळा शर्ट. छाप आता काय छापायचं ते. भाषण झालं. पोरं शांत ऐकत होती. एकाने जांभई दिली, ताण असणार.

मामाचा ट्रक पुलावर चढला.

पाणी गढूळ दिसतंय. काठावरचा खुणेचा दगड मघाशी कोरडा होता. आता दिसत नाही.

उपप्रमुख गेटकडून पळत येतोय. त्याला पळताना मी कधी पाहिलं नाही.

संध्याकाळ

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो.

धरणाचे दरवाजे ठरल्या वेळी उघडले. ते ठरलंय हे खालच्या सगळ्या गावांना माहीत होतं. आम्हालाच नव्हतं. गेटवरच्या पहारेकऱ्याला शेवटी राहवलं नाही, माझा आदेश मोडून त्याने इंजिनिअरला उपप्रमुखाकडे नेलं. तोवर उशीर झाला होता. पुलाचा मधला भाग तुटून निघाला. ट्रक कलंडला. मामा पाण्यात पडला, दोराला लटकला, आणि पोरांनी तो दोर ओढला. कुणी हुकमाची वाट पाहिली नाही. एकाचंही मनोधैर्य खचलेलं दिसलं नाही.

मी काठावर उभा राहून ओरडत होतो. काय ते आठवत नाही. उपप्रमुखाला विचारलं. त्याने बुटातलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाला, सर, तुम्ही ओरडत होता की त्या निळ्या शर्टाला फोटो काढू देऊ नका.

नाही. मी असं ओरडणार नाही.

बायकोला विचारलं, मी असं ओरडेन का? ती म्हणाली, जेवून घ्या. कात्री मात्र लपवून ठेवलीय.

९ सप्टेंबर, शनिवार

हॉस्पिटल. मामाच्या दोन्ही हातांना बँडेज. दोराने तळव्यांची सालटी निघालीत. माझ्या बगलेत पेपर होता, न कापलेला. त्याने बघितला. म्हणाला, साहेब, आमचं आलं असेल ना, जरा वाचून दाखवता? मला पान उलटता येत नाही.

पहिल्याच पानावर होतं. उभ्यानेच वाचायला लागलो. 'धरणाच्या कार्यालयाने दोन दिवस सतत फोन केले. प्रत्येक वेळी उत्तर आलं, साहेबांना काही म्हणायचं नाही.' तिथे थांबलो. मामा म्हणाला, पुढे? पुढचं वाचलं. माझं वाक्य माझ्याच तोंडून, सगळ्या वॉर्डासमोर. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, बरोबर लिहिलंय. रागाने नाही. मग म्हणाला, साहेब, आता इथे आहेच तर डॉक्टरांना माझी दाढ बघायला सांगाल का? खरंच दुखते हो ती.

डॉक्टरांना सांगितलं. मामावर बातमीचा परिणाम: शून्य.

संध्याकाळी ऑपरेटरने विचारलं, मुख्यालयातल्या त्या मानसशास्त्राच्या बाई लाइनवर आहेत, जोडू का? जोड म्हटलं. बाई म्हणाल्या, तोच प्रश्न पुन्हा विचारायचाय, तुमच्यावर किती परिणाम झाला? मग त्या बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिल्या. मी रिसीव्हर कानाला धरून उभा होतो, आणि मला खरंच काही म्हणता आलं नाही.