आत्ती, घर विकलं

आत्ती,

घर विकलं. सह्या गेल्या महिन्यात झाल्या आणि मागच्या सोमवारी चावी देऊन टाकली. तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि सांगणारं आता माझ्याशिवाय राहिलंय कोण, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. मी एकोणसत्तर पुरी केली, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाला टेकलेच म्हणायची. जिना चढताना तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणायचा, तसंच मीही म्हणते. लेक फोनवर ऐकते आणि म्हणते, आई, तू अगदी आजीसारखी कण्हतेस.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात मशीनवर माझा अंगठाच उठेना. तिथली मुलगी म्हणाली, काकू, पदराला पुसा जरा. पुसला. मग म्हणाली, दुसऱ्या हाताचा द्या. चार वेळा झालं. मी म्हटलं, खडूनं झिजला असेल गं, सत्तावीस वर्षं फळ्यावर गेली. ती हसली आणि माझा अंगठा स्वतःच्या हातात धरून तिनं काचेवर दाबला, तेव्हा कुठं उठला. घर घेणारे नवरा-बायको शेजारीच उभे होते. तरुण आहेत, दोघंही शिकवणी घेतात, त्यांना तिथं तीन मजली क्लास बांधायचाय. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा पुढच्या खोलीच्या भिंतीवर हात मारून तो बायकोला म्हणाला, "हे सगळं पाडायचंच आहे, तू बाकीचं बघ." मग मी दारात उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि बिचारा ओशाळला. मी म्हटलं, "पाडायचं नाही तर काय, पूजा करायची का? चहा घेणार?" तुमच्यासारखं बोलायला गेले, पण आवाज तुमच्यासारखा लागला नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. गडमुडशिंगीच्या माहेरघरातून निघताना सासूला आत्ती म्हणायचं एवढं एकच मला शिकवून पाठवलं होतं. मंगळवार पेठेत, अरुंद बोळात पुढं गोठा आणि मागं दोन खोल्या, वर माळा, असं ते घर. मला वाटलं होतं, शहरात दिलंय म्हणजे शेणाची पाटी सुटली. पहिल्या सकाळी तुम्ही माझ्या हातात पाटीच दिलीत आणि म्हणालात, "मॅट्रिक झालीयास न्हवं? मग बघ, ही म्हस कुठल्या कानानं ऐकतीया." मी बघतच राहिले. तुम्ही हसून हसून खाली बसलात. तुमच्या दोन म्हशी होत्या, त्यातली थोरली काळीभोर आणि रागीट. तुमच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. सकाळी सहाला पेठेतले पैलवान आणि म्हातारे गोठ्यासमोर पेले घेऊन उभे असायचे आणि तुम्ही धार काढता काढता एकेकाची खबर घ्यायचात. दिवाळीच्या पाडव्याला तिच्या शिंगांना रंग लावून, पायात घुंगरू बांधून तुम्ही तिला मिरवायला काढायचात. तेव्हा तुम्ही नवं लुगडं नेसायचा. एरवी कधी सणाला नेसलेलं मला आठवत नाही.

तुमचा धाकटा, माझा नवरा, उद्यमनगरात लेथवर कामाला होता. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत गेला. मी सत्तावीस वर्षांची, पदरात चार वर्षांची लेक. नंतरचे किती दिवस मी माळ्यावर पडून होते ते मला आता सांगता येणार नाही. एक दिवस तुम्ही जिना चढून वर आलात. तुमचा मुलगा गेला होता, हे मी त्या दिवसांत विसरूनच गेले होते. तुम्ही मला उठवून बसवलंत आणि म्हणालात, "रडायचं आसंल तर गोठ्यात जाऊन रड. पोरीसमोर रडू नगंस. ती रोज इच्यारतीया, आई आजारी हाय का म्हणून. मी काय सांगू तिला?" मला त्याचा राग आला होता आत्ती, फार राग आला होता. मी खरंच गोठ्यात गेले, आणि तिथं तुम्ही आधीच म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभ्या होता. मी तशीच मागं फिरले. तुम्हाला ते कळलं होतं का, मी कधी विचारलं नाही.

वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी थोरले दीर इचलकरंजीहून आले होते. जेवणं झाल्यावर ते म्हणाले, हिला आता माहेरी पाठवू, तिचे भाऊ आहेत, शेती आहे, पोरीचं तिथं चांगलं होईल, आणि आई, तू माझ्याकडं चल, हे घर बंद करू. मी स्वयंपाकघरात ताटं उचलत होते. माझा हात थांबला. तुम्ही पानाला चुना लावत होता, ते पान आधी दुमडून तोंडात घातलंत. मग म्हणालात, "ती कुठं जायाची न्हाय. तुला जायाचं हाय, तू जा." ते म्हणाले, आई, तसं नव्हे. तुम्ही म्हणालात, "कसं न्हवं? ती माझ्या घरात हाय. तुझी गाडी सहाची न्हवं? मग ऊठ की." ते उठले. त्यानंतर त्या घरात त्यांना चहा मिळाला, पण जेवायला तुम्ही त्यांना पुन्हा कधी थांबवलं नाही.

मग एक दिवस मी मास्तरीण व्हायच्या शिक्षणाचा अर्ज भरला. डी.एड.ला नंबर लागला, आणि कॉलेजला जायचं तर दोन म्हशींचं शेणपाणी, वैरण, लेकीची शाळा, हे एकट्या बाईला झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. आठ दिवसांनी कळंब्याचा एक माणूस आला आणि थोरल्या म्हशीचं दावं सोडून घेऊन गेला. तुम्ही बोळाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर गेलात, परत आलात आणि मला म्हणालात, "आता पुस्तकं आण." त्यानंतर दर गुरुवारी तुम्ही दुपारी चपला घालून निघायचा आणि दिवे लागायच्या सुमारास परत यायचा. कुठं जाता विचारलं तर म्हणायचा, पाय मोकळं करायला. कळंब्यापर्यंत चालत जाऊन तुम्ही तिला बघून येत होता, हे मला त्या म्हशीच्या मालकानं सांगितलं, तेही फार नंतर. महिना-दोन महिने गेलात. मग एका गुरुवारी निघाला नाहीत. मी म्हटलं, आज पाय मोकळे करायचे नाहीत का? तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात, "न्हाय. आता ती दुसऱ्याला धार देतीया."

मला नोकरी लागली ती पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात. रोज एसटीनं जाऊन-येऊन. पहिल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, तुम्ही मला सांगितलंत, चांगलं लुगडं नेस, कचेरीत जायाचं हाय. घर माझ्या नावावर करायला निघालात हे मला तिथल्या बाकावर बसल्यावर कळलं. मी नको नको म्हणत होते आणि तुम्ही शाईच्या पॅडवर अंगठा घासत होता. अंगठा उठवून झाल्यावर तुम्ही त्या साहेबाला अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलंत, "आता ह्या घरातनं हिला कोण काढू शकतंय का?" साहेब हसून म्हणाले, "नाही आजी, कुणीच नाही." तुम्ही म्हणालात, "परत सांगा. तिला ऐकू आलं न्हाय."

मला ऐकू आलं होतं. कुणीच काढलं नाही मला त्या घरातून, आत्ती. मी आपल्या पायांनी निघाले.

लोक विचारतात तेव्हा मी गुडघ्यांचं नाव सांगते. बोळात गाडी येत नाही, माळ्याचा जिना अरुंद आहे, लेक पुण्याला, हे सगळं खरंच आहे. पण तुमच्याशी खोटं बोलून काय करू. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि तुम्ही खाटेवरून म्हणालात, "आज ऱ्हा की घरात." तुम्ही असं कधी म्हणत नव्हता. त्या दिवशी शाळेत तपासणी होती. मी म्हटलं, संध्याकाळी लवकर येते, आणि गेले. लेक तेव्हा शिकायला पुण्यात. संध्याकाळी बोळात शिरले तर आपल्या दारात माणसं दिसली. शेजारची म्हणाली, दुपारीच कधीतरी गेल्या असतील, मी चार वाजता ताक द्यायला आले तर हाक मारली, ओ दिली नाही. दुपारी, म्हणजे किती वाजता? मी एसटीत होते का, वर्गात होते का, डबा खात होते का? हे कुणालाच सांगता आलं नाही. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत पाय घसरून पडले. मोडलं काही नाही, पण उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. बारा वाजल्यापासून साडेतीनपर्यंत मी त्या ओल्या फरशीवर होते. बोळातून माणसं जाताना ऐकू येत होती, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता. आणि मी सारखी तुमच्या त्या दुपारचा विचार करत होते, तुम्ही हाक मारली असेल का, कितीदा मारली असेल. शेवटी भिंतीला धरून सरकत बाहेर आले. घर विकायचं ते त्या दिवशी ठरलं. लेकीला मी महिन्याभरानं सांगितलं. ती पुण्याला चल म्हणत होती, मी नाही म्हटलं. कळंब्यात एक छोटा फ्लॅट घेतला, लिफ्ट आहे, आणि शेजारच्या दोन घरांत माझ्या फ्लॅटची चावी आहे.

चावी द्यायच्या आदल्या दिवशी थोरले दीर आले. पंच्याहत्तरी ओलांडलीय त्यांनी, नातवानं गाडीतून आणलं आणि बोळाच्या तोंडाशी सोडलं. मी कळवलं नव्हतं, कुणाकडून तरी कळलं असेल. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ते रिकाम्या खोल्यांतून हिंडले, गोठा होता तिथं पुढच्या खोलीत उभे राहिले. मग खाली फरशीवरच बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुला हाकलायला आलतो, ठावं हाय न्हवं तुला?" मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "तुझ्या भल्याचं बोलतोय आसं मला खरंच वाटत हुतं. आईनं मात्र वळखलं हुतं." मग फरशीवरून हात फिरवत म्हणाले, "हितं जेवलोच न्हाय गं मी त्यानंतर."

गॅस फ्लॅटवर गेलेला, भांडी बांधलेली. मी शेजारणीच्या घरात गेले, तिच्याच कढईत झुणका केला, तिच्याच तव्यावर चार भाकरी टाकल्या आणि वर्तमानपत्रावर दोघांचं वाढलं. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही असता तर वाढू दिलं असतंत का, मला खरंच कळत नाही. पहिला घास खाऊन ते म्हणाले, "मीठ जादा झालंय." मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरातलं मीठ आहे, अंदाज आला नाही. ते हसायला लागले आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. दोन्ही भाकरी खाल्ल्या त्यांनी. जाताना उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मी तसं काही केलं नाही. सोमवारी सकाळी कुलूप लावलं, चावी घर घेणाऱ्या त्या मुलाच्या हातात दिली आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं, तर मी सवयीनं मंगळवार पेठ म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, मंगळवार पेठेतच हाय की आपण."

तुम्हाला वाचता येत नव्हतं. भावांची पत्रं, लेकीचं प्रगतिपुस्तक, औषधाच्या बाटलीवरचा कागद, सगळं मीच वाचून दाखवायचे, आणि तुम्ही म्हणायचा, गाळू नगं काय, समदं वाच. आज सकाळी फ्लॅटच्या गॅलरीत बसून हे पत्र मी मोठ्यानं वाचायला घेतलं होतं. इथपर्यंत वाचलं. आता एकच गोष्ट उरलीय, ती तुमच्यासमोर वाचायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून नुसती लिहून कागद घडी करून ठेवते. मला वाटलं होतं, नव्या जागेत पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही. पंचेचाळीस-पन्नास वर्षं एका छताखाली झोपलेली बाई मी. पण मला गाढ झोप लागली, आत्ती. सकाळी जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते, आणि तुमची आठवण चहा पिऊन झाल्यावर आली.