दाढ एक, माणसं गल्लीभर

चोपडा, होळीच्या आधीचा आठवडा

ती. उखर्डूमामांस तोतारामचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आता कसे आहेत? तुमच्या दातांचं विचारत नाही (तुम्ही सुपारी सोडणार नाही आणि मी उगाच तोंडघशी पडेन).

मामा, तुमचा हा डॉक्टर भाचा आणखी शहाणा व्हायला नाशिकला गेला होता. दातांच्या डॉक्टरांचं शिबिर होतं. तिथे एका सुटाबुटातल्या गृहस्थाने सांगितलं की दवाखाने बुडतात ते उधळपट्टीने. कापूस, पाणी, वेळ, बडबड, सगळं वाचवा! मला पटलं (जेवणही झकास होतं). परत आल्या आल्या आधी कापूस धरला. आमचा कंपाउंडर शकील एका दाढेला उशीएवढा बोळा लावतो, त्याला बोराएवढा लावायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कौतिकभाऊ सरकीसकट कापसाचं गाठोडं घेऊन दारात हजर. "डॉक्टर, कापूस सरी गया का? सांगानं व्हतं ना!" झालं, गावभर बोभाटा. लोक मला धीर द्यायला आले आणि चहा पिऊन गेले.

पण खरी नासाडी माणसांची हो. भिकुबाईंची एक दाढ दुखते आणि मागे अख्खी गल्ली येते. एकजण हात धरतो, दुसरा पाय, तिसरी देवाचं नाव घेते, आणि एक म्हातारा स्वतःची दाढ कशी निघाली ते पहिल्यापासून सांगतो (ती निघालीच नव्हती, तुटली होती). मी बाकडी उचलून माळ्यावर टाकली आणि पाटी लावली: पेशंटने एकट्याने आत यावे. भिकुबाई एकट्या आल्या, खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं आणि इकडेतिकडे पाहून मिटलं. "धराले कोनी नही, मंग मी आरडू कोनाकरता?" म्हणाल्या आणि दाढेसकट घरी गेल्या.

तेव्हापासून दवाखान्यात चिटपाखरू नाही. सगळे बाजारात पकड घेऊन बसणाऱ्या झिपरूकडे जातात. तो दुखणारीच्या शेजारची दाढ उपटतो, पण सारा बाजार बघायला जमतो म्हणून लोक खूश! इकडे कापूस लागत नाही, पाणी लागत नाही. शिबिराच्या हिशेबाने माझ्याइतका काटकसरी दवाखाना खानदेशात नसेल. शकील दुपारी पेशंटच्या खुर्चीत घोरतो. सासरे फैजपूरहून निरोपावर निरोप धाडतात, दवाखाना बंद करा आणि केळीच्या वखारीवर बसा. मामा, एवढं शिकून मी केळी मोजायची का? रडू येतं. तरीही तत्त्व ते तत्त्व, मी पाटी काढणार नाही. तुम्हीही दोंडाईच्याच्या दुकानातून रिकामटेकडी मंडळी हाकला.

तुमचा भाचा,
तोताराम

ता. क. मंगळवारपासून माझीच दाढ ठणकतेय. शकील पकड घेऊन तयार आहे, पण त्याचा उत्साह पाहून मी नाही म्हटलं.

ता. क. दुसरा. येत्या गुरुवारी धुळ्याला माझ्या वर्गमित्राकडे दाढ काढायची आहे. तुम्ही, मामी, दोघं मामेभाऊ, सुना, शेजारचे रतिलालशेठ, सगळे या. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडा. हात मामींनीच धरायचा. तो मेला वर्गमित्रही त्याच शिबिराला होता, दारात अडवेल. थांबू नका, सगळ्यांनी एकदम आत घुसा.