पानाची डावी बाजू

॥ श्री ॥

पावस,
२ जुलै २०२४

ती. आक्कास,
हरीचे सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो आणि मी नुसता हो-हो करतो. मागच्या खेपेला तू गोठ्याची भिंत पडल्याचं सांगितलंस आणि मी छान झालं म्हणालो, असं शेजारच्या भिकाजीनं नंतर समजावलं. तेव्हा आता आपलं पत्रच बरं.

हकीकत अशी. निलेश आणि सूनबाई नम्रता डोंबिवलीहून येऊन चार दिवस राहून गेले. माझे शर्ट खुंटीवर आणि माझ्या अंगावर सारखेच लोंबतात, असं निलेशचं मत पडलं. मग त्यानं फ्रीज उघडला. आत दूध आणि लोणच्याची बरणी. मी दोन्ही वेळा मऊ भात, तूप आणि लोणच्याची फोड एवढंच जेवतो, हे त्याला नवं होतं. ही गेल्याला दोन वर्षं झाली. पानात आणखी काही असावं हे मला सुचलंच नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यावर तो बराच वेळ पडवीत फेऱ्या घालत राहिला. शेवटी म्हणाला की गणपतीपर्यंत वाट बघू. तोवर बाबा नीट जेवायला लागले तर उत्तम, नाहीतर परतताना बरोबर डोंबिवलीला. कायमचं.

मुलाचं चुकत नाही. पण मला जायचं नाही, आक्का. हे रागानं लिहीत नाही. दारातल्या माडाला विचारलं तर तोही इतक्याच शांतपणे नाही म्हणेल.

नम्रता सॅलड खा म्हणाली आणि ड्रेसिंगची एक बाटली ठेवून गेली. बाटलीवरच्या चित्रातली पानं शोधायला मी रत्नागिरीच्या बाजारात गेलो. भाजीवालीनं एका हिरव्या गड्ड्याचा भाव सांगितला तो मला पहिल्या फटक्यात ऐकू आला, यावरून काय ते समज. पेन्शनीत बसतं, मनात बसत नाही. गड्डा तिथंच ठेवून समुद्र बघत परत आलो.

तू काही सुचव. लोभ आहे तसाच मुरत राहो.

तुझा,
हरी

---

मंडणगड,
११ जुलै २०२४

चि. हरी यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग थोडी रडले, तेवढ्यात आमटी करपली. ती तुझ्या नावावर मांडते.

मेल्या, जन्मभर पंगतीत वाढपी म्हणून मिरवलास. शाळेचं संमेलन असो नाहीतर मुंज, मीठ कुठं, लिंबू कुठं, हे सांगायला हरी मास्तर पुढे. माझ्या लग्नात चटणी वर की कोशिंबीर वर यावरून व्याह्यांशी हुज्जत घातलीस, ती सासरी मला वर्षभर ऐकावी लागली. आणि एवढं करून ती चटणी येते कुठून, हे तुला माहीत नाही!

तर ऐक. भात तुला येतो. भाजी-आमटी पुढे बघू. आधी पानाची डावी बाजू शीक. ती लागते मूठमूठभर, म्हणून खर्च येत नाही. आणि ती चटकदार असली की भात आपोआप जातो. बाजारातून शेंगदाणे, मोहरी, जिरं आणि हिंग एवढंच आण. नारळ तुझ्या पायाशी पडतायत. मागीलदारी बिंबलीचं झाड आहे. त्याची आंबट फळं दरवर्षी खाली कुजतात आणि तू लिंबं विकत आणतोस. कढीलिंब आहे. तवसं भिकाजीच्या मांडवावर लोंबत असतील, माग. काकडीपेक्षा थोराड, पण चवीला गोड. दही घरी लाव.

चटणीला अर्ध्या नारळाचा चव, दोन मिरच्या, दोन बिंबलं, मीठ, साखरेची चिमूट. मिक्सर नको, पाट्यावर वाट. मिक्सरात खोबरं तापतं आणि तेल सुटतं. कोशिंबिरीला तवसं बारीक चोचव, दाण्याचं कूट घाल, दही घाल, वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी ओत. ते ड्रेसिंग ड्रेसिंग म्हणतात ते हेच. त्याला बाटली लागत नाही, पळी लागते. नम्रताला हे सांगू नकोस, पोरगी गुणाची आहे.

जमेल. न जमल्यास लिही, जमल्यास जास्त लिही.

तुझी,
आक्का

---

पावस,
२८ जुलै २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

न जमल्याचं लिहितो.

पाटा धुऊन घेतला. वरवंटा नुसता ओढायला कंटाळवाणा वाटला म्हणून भुजंगप्रयातात ओढला. त्या वृत्ताला चरणात चार हेलकावे असतात आणि वरवंट्यालाही तेच मानवतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत फार रंगलं. तिसऱ्याला दम लागला. चटणी शेवटपर्यंत गद्यच राहिली, खोबऱ्याचे तुकडे दातांत बोलत होते. तरी चव होती. बिंबलाचा आंबटपणा लिंबासारखा टोचत नाही, जरा मागून येतो.

कोशिंबिरीची कथा वेगळी. शाळेत मी फळा आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवत असे. त्याच शिस्तीनं सकाळी सातला तवसं चोचवून, मीठ-दही-कूट घालून झाकून ठेवलं. बाराला झाकण काढतो तो आत भाट्याची खाडी. तुकडे होड्यांसारखे तरंगत होते. भिकाजी त्यानं दिलेल्या तवसांचं काय झालं ते बघायला आला होता. त्यानं वाकून पाहिलं आणि यात तिसऱ्या-शिंपल्या मिळतात का, असं गंभीरपणे विचारलं.

मी ते पाणी प्यायलो आणि बाकीचं भातावर घेतलं. जेवता जेवता आठवलं, की चौथ्या तासाला मी कविता शिकवायचो तेव्हा शाळेमागच्या घरातून फोडणीचा वास यायचा. पोरं चुळबुळ करायची आणि मला वाटायचं कवितेनं हलली. आता वाटतं, जिऱ्यानं हलली असतील. वाईट वाटलं नाही, नुसतंच वाटलं.

गणपती सात सप्टेंबरला आहेत. घाई नाही, पण आहे.

आपला, नव्हे तुझा,
हरी

---

मंडणगड,
६ ऑगस्ट २०२४

चि. हरी यास,
आशीर्वाद.

कोशिंबिरीत मीठ पान मांडल्यावर. आधी नाही. हे देवघराच्या भिंतीवर लिहून ठेव. तवसं चोचवलं की घट्ट पिळ. ते पाणी टाकू नकोस, त्यानं आमटी कर. कूट शेवटी घाल, उरलंसुरलं पाणी ते पितं.

आता पुढचं. लाल भोपळ्याची एक फोड उकडून कुस्कर, दही, मोहरीची फोडणी, झालं भरीत. दोडका आणलास तर शिरा फेकू नकोस. तेलाच्या थेंबावर तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची घालून कुरकुरीत भाज, चटणी होते. कच्च्या केळ्याच्या सालीचीही होते. तुझ्याकडे ज्याला कचरा म्हणतात त्यातून निम्मी डावी बाजू निघेल.

आणि चटणी गद्य असली तरी चालते. गद्य पोटात जातं. वृत्त सोड, मनगट हलव.

माझा गुडघा बरा आहे. गोठ्याची भिंत पुन्हा उभी राहिली, आता छान झालं म्हणायला हरकत नाही.

माया आहेच, वेगळी काय लिहू.

आक्का

---

पावस,
२५ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

आज पानात चार गोष्टी होत्या: खोबऱ्याची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, भोपळ्याचं भरीत, तवसाची कोशिंबीर. मीठ पान मांडल्यावर. कोशिंबीर कोरडी, चुरचुरीत, आणि फोडणी ओतताना जो आवाज झाला तो मला डाव्या कानानंसुद्धा ऐकू आला.

एक गंमत झाली आहे. चटणी तिखट झाली म्हणून भात जास्त लागतो. भात जास्त म्हणून आमटी लागते. परवा मी स्वतःहून मुगाची आमटी केली. भिकाजीनं वाटीभर भरीत नेलं आणि वाटी परत देताना त्याच्या बायकोनं विचारलंय असं सांगितलं, की मास्तरीणबाई स्वप्नात येऊन शिकवतात काय. नाही येत, असं मी खरं सांगितलं. मंडणगडाहून पोस्टानं येतात.

शर्ट अजून ढगळ आहे, पण खांद्यावर बसतो. निलेशला तेवढं पुरेल का, कळत नाही. मनाची तयारी दोन्ही बाजूंनी ठेवली आहे.

आज इतकंच. हात खोबऱ्याचे आहेत, कागदाला डाग पडला तर तो खाऊ समज.

तुझा,
हरी

---

पावस,
११ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

दीड दिवसाचे गणपती आनंदात झाले. नम्रतानं मोदक एकटीनं वळले आणि विसर्जनाच्या रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. म्हणून मी जाहीर केलं की उद्याचं जेवण माझं. निलेश हसला. झोपायला जाताना त्यानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं की परतीची तिकिटं मंगळवारची आहेत आणि तीन आहेत. गणपतीच्या दिवसांत तिसरं मिळालं हे नशीब, असंही म्हणाला. मी बरं म्हणालो. माझं बरं ऐकून नम्रता जागी झाली होती, पण तिनं डोळे उघडले नाहीत.

सोमवारी पहाटेपासून लागलो. सात पदार्थ केले, आक्का. मागच्या पत्रातले चार, शिवाय पिकल्या केळ्याची दह्यातली कोशिंबीर, भिजवलेल्या मुगाच्या डाळीची, आणि केळ्याच्या सालींची चटणी. विकतचं म्हणशील तर दाणे, डाळ, दोडका आणि भोपळ्याची फोड. केळीची पानं मांडली, मीठ वाढलं, आणि मग डावीकडून क्रमानं, जसं पन्नास वर्षं वाढत आलो तसं. दोघं बसले. मी भात आणायला आत गेलो.

कुकरात तांदूळ धुतलेले होते, पाणी मोजून घातलेलं होतं, झाकण घट्ट होतं. गॅस पेटवलेलाच नव्हता.

मनात म्हटलं, हरिश्चंद्र मास्तर, डोंबिवली. मग गॅस पेटवला आणि बाहेर येऊन आहे ते सांगितलं. निलेशचं तोंड उतरलं. तो काही बोलणार एवढ्यात नम्रता म्हणाली की न पेटलेल्या गॅसनं कुणाचं घर जळत नाही, आणि तिनं बोटानं भरीत चाखलं. मग पुन्हा चाखलं. मग निलेशनं चाखलं.

भात होईपर्यंत अर्धा तास गेला असेल. तेवढा वेळ आम्ही तिघं नुसत्या डाव्या बाजूसमोर बसून होतो. इतका वेळ निलेश माझ्यासमोर फोन न बघता कधी बसला होता, मला आठवत नाही. तो बायकोला सांगत होता की लहानपणी तो भोपळा पानाखाली दडवायचा आणि आई पान उचलताना काही न बोलता तो गाईला घालायची. नम्रता म्हणाली, म्हणजे डब्यातला भोपळा रोज कुठं जातो ते आज कळलं. सालींची चटणी कशाची हे त्यानं ओळखायचा प्रयत्न केला. जवस म्हणाला, कारळे म्हणाला. केळ्याची सालं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादी कविता न बघता म्हणून दाखवली असावी.

मग त्यानं विचारलं, की बाबा, हे सगळं तुम्ही दोन वर्षं का नाही खाल्लंत. मी म्हटलं, तुझी आई वाढायची, मी जेवायचो. ती गेल्यावर वाढणारं गेलं तर पानाची ती बाजू गेली, असं मी धरून चाललो. ती करता येते, हे माहीत नव्हतं. तेवढ्यात शिटी झाली आणि सगळेच दचकलो, मीही.

भात त्यानं तीनदा घेतला. मी दोनदा. माझ्या पानाकडे त्याचं लक्ष होतं, हे मला दिसत होतं.

काल सकाळी ते निघाले. मी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. निलेशनं ती उचलून आत कॉटवर ठेवली, त्याऐवजी चार नारळ आणि एक तवसं घेतलं, पाया पडला आणि रिक्षात बसला. बोलला काहीच नाही. आता ही दिवाळीपर्यंतची सवलत की निकाल, मला सांगता येत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पिशवी अजून कॉटवर तशीच आहे.

आभाळ स्वच्छ आहे. दही लावलं आहे.

तुझा,
हरी

---

मंडणगड,
१८ सप्टेंबर २०२४

चि. हरी यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी नम्रताचा फोन आला. आमच्याकडे पायरीवर उभं राहिलं की रेंज येते, म्हणून गुडघा धरून उभ्यानं सगळं ऐकलं. बाकी गप्पा तुला कळवत नाही, त्या बायकांच्या आहेत. केळ्याच्या सालींना तीळ किती, एवढं तिनं विचारलं आणि मी सांगितलं.

एक मात्र कळवते, कारण निलेश कळवणार नाही. तो तुझ्यावर गेलाय, महत्त्वाचं तेवढं पोटात ठेवतो. रत्नागिरी सोडल्यावर टी. सी. आला. डबा उभ्या माणसांनी भरलेला, आणि यांच्या तिसऱ्या जागेवर नारळ बसलेले. तिसरं माणूस कुठं, असं त्यानं विचारलं. नम्रता म्हणते, तिला वाटलं निलेश काहीतरी सबब सांगेल, पुढच्या स्टेशनला चढतील असं. त्यानं नारळ उचलून मांडीवर घेतले, समोर उभ्या असलेल्या एका लेकुरवाळीला बसायला सांगितलं, आणि टी. सी.ला म्हणाला, की ते येत नाहीत, ते घरी जेवतायत.

पिशवी रिकामी कर.

तुझी,
आक्का