पडवीतलं मिठागर

अप्पा, गेले आठ दिवस मी रोज सकाळी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पडवीत चिखलात बसते आहे. तुमचे जावई दोनदा दारात येऊन पाहून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अगं, वय काय तुझं? नातवंडं झाली तुला." मी म्हटलं, "नातवंडं झाली म्हणूनच बसलेय." तुम्ही असतात तर त्यांना हाताला धरून खाली बसवलं असतंत आणि बांध घालायला लावलं असतंत.

माझी लेक बाळंतपणासाठी इथे कल्याणला आली, ती आपली चार वर्षांची मुलगी घेऊन. मुलगा झाला, सगळं सुखरूप झालं, आणि लेक रीतीप्रमाणे दहा दिवस अंधाऱ्या खोलीत गेली. तिला शिवायचं नाही, हे चार वर्षांच्या पोरीला कसं समजावणार? ती उंबऱ्याशी बसून हाका मारायची, "आई, बाहेर ये. आता ये. आता तरी ये." सुईण ओरडायची, "मागं सर गं बाय, शिवशील!" पोर रडली की आत लेक रडायची. दुसऱ्या दिवशी सुईणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या पोरीला गप करा बाईसाहेब. आईनं असा रडून जीव काढला तर तान्ह्याला दूध कुठनं यायचं?" आणि बाहेर पाऊस असा लागलेला, की पोरीला अंगणातसुद्धा नेता येईना.

मी आधी काय केलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. तुम्ही मला पुढे शिकायला ठेवलंत त्या मुंबईच्या कॉन्व्हेंटात पावसाच्या दिवशी आम्हांला जसं बसवायचे, तसं मी तिला बसवलं. पाठ ताठ, समोर पाटी, हातात सुई आणि रुमालाची किनार. शाळेतलं एक इंग्रजी गाणंही म्हणून दाखवलं. पोरीनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, हे नको. आई पाहिजे." तेव्हा मला आठवलं, त्याच शाळेत एकदा पाऊस पडत असताना सिस्टरनी विचारलं होतं, "तुझ्या घरी पावसात मुलं काय करतात?" आणि मी उभी राहून सांगितलं होतं, "आमच्या घरी पावसात वडील असतात." सगळा वर्ग हसला. पण मी खरं तेच सांगितलं होतं.

आठ महिने तुम्ही आम्हांला दिसायचात कुठे? सरकारी मीठखात्यातले कारकून, पहाटे कोलशेतच्या मिठागरावर निघायचात आणि आम्ही जेवायला बसलो की उन्हानं काळे होऊन परतायचात. मिठाच्या राशी गवतानं शाकारल्या, मिठागरावरचे आगरी भात लावायला आपापल्या शेतांवर गेले, की तुम्ही आमचे. इतर मुलं पावसाला जा म्हणायची, आम्ही म्हणायचो, लागून राहा. चुलीच्या निखाऱ्यात तुम्ही फणसाच्या आठळ्या भाजता आहात, आम्ही दोघी बहिणी डोळे मिटून बसलो आहोत, आणि कुठली आठळी आधी फुटणार यावर पैज. केळीच्या सोपटाची होडी तुम्ही करायचात, तिच्यात मुंगळा बसवून त्याला "साहेब" म्हणायचात आणि वळचणीच्या पाण्यात सोडून वाकून सलाम करायचात. आईला हे आवडत नसे. "कुणी ऐकलं तर नोकरी जाईल हो!" "मुंगळा तक्रार करायचा नाही," तुम्ही म्हणायचात.

पण सगळ्यांत मोठा खेळ मिठागराचा. पडवीच्या मातीच्या जमिनीवर तुम्ही ओल्या चिखलाचे बांध घातलेत, वाफे पाडलेत, आणि समुद्राचं पाणी आत घ्यायला एका बांधाला उघाडी ठेवलीत, कवडीएवढ्या लाकडाच्या दाराची. मग करवंटी भरून, "भरती आली! उघाडी उघडा!" अशी तुमची आरोळी. पाणी वाफ्यावाफ्यातून फिरायचं. मी पाच वर्षांची. मी विचारलं, "मीठ कधी येणार?" तुम्ही म्हणालात, "पावसात मीठ पिकत नाही, बाळ. ऊन लागतं." तुमचा चेहरा तेव्हा मला उदास वाटला. आता वाटतं, तुम्हांला नुसती जांभई आली असेल. पण मी मनावर घेतलं. तुम्ही दुपारी आडवे झालात तशी मी स्वयंपाकघरात गेले, आणि आईनं वर्षाच्या बेगमीचं भरून ठेवलेलं मिठाचं मडकं ओंजळी ओंजळी रिकामं करून सगळे वाफे पांढरे केले. वर शहाण्यासारखी भरतीही सोडली.

आईची किंकाळी अजून ऐकू येते. "अहो, उठा! बघा तुमच्या लेकीनं काय केलंय! वर्षाचं मीठ! मेल्यावर देव एकेक खडा पापण्यांनी वेचायला लावेल कार्टे!" मी तेव्हाच खाली बसून पापण्या जमिनीला टेकवू लागले. तुम्ही आलात, उकिडवे बसलात, बोट बुडवून चाखलंत आणि गंभीरपणे म्हणालात, "भर श्रावणात पीक काढलं पोरीनं. माझ्या मिठागरावर हे कुणाला जमलं नाही." आई रागावायची होती, ती तोंडाला पदर लावून वळली. मग आपण सगळ्यांनी ते गढूळ पाणी जुन्या धोतरातून गाळलं, कढईत घालून चुलीवर आटवलं. तुम्ही दार लावून घेतलंत, कारण परवान्याशिवाय घरी मीठ काढणं गुन्हा आणि पकडायचं काम तुमच्याच खात्याचं. "शूः," तुम्ही कुजबुजलात, "सरकारी कारकुनाच्या घरात चोरटं मीठ!" कढईच्या कडेला करडी खपली धरली तेव्हा मी नाचले. वर्षभर आमटीत कचकच लागायची आणि आई वाढताना म्हणायची, "खा, लेकीच्या मिठागराचं."

तर अप्पा, तिसऱ्या दिवशी मी सुई-दोरा उचलून ठेवला, मिठाचं मडकं माळ्यावर चढवलं, आणि पडवीत चिखल कालवला. पोर आधी लांबून पाहत होती. पाणी पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात गेलं तेव्हा जवळ आली. बांध फुटला तेव्हा किंचाळली आणि स्वतःच थापला. त्या संध्याकाळी ती उंबऱ्याशी गेली ती रडायला नाही, आईला बातमी द्यायला. "आई, आमच्याकडे समुद्र आलाय!" आतून लेकीचं हसू ऐकलं. दोन दिवसांनी सुईण म्हणाली, "आता पोरगा पोटभर पितो हो."

आज लेक न्हाऊन बाहेर आली. भिंतीला धरून पडवीपर्यंत आली, खाली बसली, हात पसरले. "ये गं माझ्या सोन्या." पोरीनं मान वर केली, कोपरापर्यंत चिखल, आणि म्हणाली, "थांब ना आई. भरती येतेय." लेकीनं माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले आणि हसतेय. मग तीच पुढे सरकली आणि चिखलासकट पोरीला कुशीत घेतलं. "कुणी गं शिकवला हा खेळ?" "आजीनं," पोर म्हणाली. "आजीनंच काढलाय. हो ना गं आजी?"

मी हो म्हटलं. तुमचं नाव ओठांवर आलं होतं, अप्पा. पण दोघी माझ्याकडे अशा काही कौतुकानं पाहत होत्या, की मी ते गिळलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून हे कबूल करते आहे. पोरीला खरं सांगेन कधीतरी. पाऊस आहे तोवर मात्र राहू दे माझ्याच नावावर.