बिनडोकांसाठी सोपा रोबो

३ फेब्रुवारी, सकाळी ७
संताप. रोबो स्पर्धेचा नवा नियम: रोबो टीमने चालवायचा नाही. प्रेक्षकांतून चिठ्ठी काढून कुणालाही बोलवायचं आणि त्याने रोबोकडून पाच डबे उचलून घ्यायचे. ‘कुणालाही सहज चालवता यावा’ म्हणे. तीन वर्षं कॉलेजच्या टीमचा गाईड आहे मी. प्रिन्सिपॉल म्हणाले, यंदा निदान एक डबा उचला, नाहीतर टीम ड्रॉइंगच्या मॅडमकडे. संकल्प: आठ दिवसांत रोबो तयार. चिडायचं नाही.

११ फेब्रुवारी
रिमोट तयार. फक्त चौदा बटणं. घरी ट्रायल. बायकोने डावं बटण दाबलं, रोबो तिच्या उजवीकडे गेला. म्हणाली, अहो, उलटा जातोय. उलटा कसला? रोबोचं तोंड तिच्याकडे होतं. त्याचं डावं ते डावं. माणसाने स्वतःला रोबोच्या जागी ठेवून विचार करावा. ती म्हणाली, एकोणीस वर्षांत तुम्ही एकदा तरी स्वतःला माझ्या जागी ठेवून विचार केलात का? विषय काय, बोलते काय.

१३ फेब्रुवारी
सासूबाईंनी रोबो फ्रिजवर घातला. दार चेपलं. वर मलाच विचारतात, जावईबापू, थांबायचं बटण कुठलं? सातवं आणि अकरावं एकदम दाबायचं, दोनदा सांगितलं होतं. एकच ठेवलं तर चुकून दाबलं जाईल, एवढा विचार केलाय मी. गाढवापुढे वाचली गीता. चिडलो नाही. फक्त रिमोट आपटला. दोन बटणं निघाली, त्यांच्यामुळे.

१९ फेब्रुवारी
टीममधल्या मुली म्हणाल्या, सर, एकच दांडी ठेवू या, ढकलाल तिकडे रोबो जाईल. मग इंजिनीअर कशाला हवा? अर्धा तास सुनावलं. सोपेपणा मात्र वाढवला. आता अठरा बटणं, प्रत्येकाचा रंग वेगळा.

२६ फेब्रुवारी, स्पर्धेहून परत
चिठ्ठीत एक टेलर निघाले. रिमोट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, दुकान उघडं राहिलंय म्हणाले आणि गेले ते गेलेच. पंच म्हणाले, आता गाईडनेच चालवा. आनंद झाला. अखेर लायक माणूस मिळाला. शिट्टी झाली. रोबोचं तोंड माझ्याकडे होतं. मी डावं दाबलं. पंचांचा चहा सांडला, पंच खुर्चीवर चढले. डबे शून्य. हॉलची फरशी उतरती होती.

२७ फेब्रुवारी
फरशीचं बायकोला सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. जेवलो नाही. टीम मॅडमकडे गेली. जाऊ दे. चार दिवसांत पाय धरत येतील.

५ मार्च
आला. मॅडमचा फोन. पुढच्या वर्षीच्या रोबोच्या ट्रायलसाठी तुम्हीच हवेत, म्हणाल्या. मी म्हटलं, सल्ला देईन, पण माझ्या अटींवर. त्या म्हणाल्या, सल्ला नको सर, हमखास चुकेल असा माणूस हवाय. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल. मुलींनी एकमताने नाव सुचवलं म्हणे. भयंकर अपमान. दाणकन फोन ठेवला.

शनिवारी चारला बोलावलंय. पावणेचारलाच जाऊन बसेन.