दसऱ्याच्या मुहूर्तावरचा मेनू

सांगली,
रविवार, ता. ४ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. अबोली हिस बाबांचे भरभरून आशीर्वाद.

जयराजरावांना नमस्कार सांग. पेपर आला की कोयनानगरची जमीन हलली का ते मी आधी बघतो, मथळे मागाहून. तुमची खुशाली कळव. आमची तब्येत उत्तम, डोकं मात्र जाग्यावर नाही.

कारण आपला तो जुना कॉम्प्युटर. लग्नाआधी तू त्याच्यावर लिनक्स बसवून दिलंस, आणि एवढ्याशा मेमरीत त्याचा जीव गुदमरू नये म्हणून तो हलका विंडो मॅनेजर घातलास. पडद्यावर मोकळ्या जागी माउस दाबला की मेनू उघडतो, त्यातून हवा तो प्रोग्रॅम निवडायचा. छान चाललं होतं. पण मेनूची फाइल हातानं लिहायची म्हणजे वैताग गं! पुण्याहून कुणी सीडी आणली, मी त्यातलं काही बसवलं, की उघडा फाइल आणि लिहा ओळ. एक अवतरणचिन्ह विसरलं की सगळा मेनूच गायब. माझ्या रेडिओ दुरुस्तीत असं नव्हतं. एक सोल्डर सुटलं तर तो एक रेडिओ मुका व्हायचा, अख्ख्या गल्लीतले नाही.

म्हणून पुस्तक समोर ठेवून, गणपती गेल्यापासून खपून, मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती मशीनभर हिंडते, काय काय बसवलंय ते बघते, गट पाडते आणि मेनूची फाइल आपोआप लिहून काढते. दसऱ्याला मल्टिमीटर, सोल्डरिंगची कांडी आणि कॉम्प्युटर यांची पूजा केली, मॉनिटरला झेंडूची माळ घातली आणि मुहूर्त साधून स्क्रिप्ट चालवली.

करायला गेलो गणपती, झाला मारुती! मेनू उघडला तो पडद्याच्या खालून निसटून गेला; शेवटच्या ओळी दिसेचनात. घड्याळंच पाच. मजकूर लिहायचे प्रोग्रॅम तर ढीगभर, त्यातले निम्मे दाबले तरी ढिम्म. बुद्धिबळ 'ऑफिस'मध्ये जाऊन बसलंय. मी कधीच काढून टाकलेले प्रोग्रॅमसुद्धा हजर, कारण त्यांच्या माहितीच्या फाइली मागे राहिल्यात. माणूस गेला तरी रेशनकार्डावर नाव चालू, त्यातली गत.

एवढ्यात तासगावचे बेदाणेवाले आप्पासो सोनं द्यायला आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "आवं चिंतामणराव, ह्ये काय हाटेलाचं कार्ड हाय व्हय? लय लांबडं, आन च्या कुठंच न्हाई!" मी म्हटलं, आप्पासो, सोनं ठेवा आणि आत जाऊन चहा मागा.

आता मुद्द्याचं. स्क्रिप्टनं नवी फाइल जुनीवरच लिहिली. तू हातानं केलेला मेनू पुसला गेला. नक्कल ठेवली नव्हती. मुहूर्ताच्या घाईत अक्कल पाटाखाली राहिली. रोमन अक्षरांत तू 'बाबा', 'आई' आणि 'उगीच' असे तीन गट केले होतेस. तुझ्याकडे त्याची प्रत असेल तर पाठव. 'बाबा'मधलं मला आठवतंय. 'आई'खालचं तेवढं नीट कळव. घाई नाही. म्हणजे जमेल तितकं लवकर.

तुझी आई बरी आहे. चकलीच्या भाजणीसाठी डाळ-तांदूळ धुऊन वाळत घातलेत.

तुझे
बाबा

•

सांगली,
शनिवार, ता. १० ऑक्टोबर १९९८

चि. सौ. अबोली,

आशीर्वाद आहेतच. पण आज थोडा रागावूनच लिहितोय.

तुझं पाकीट मिळालं. सगळ्या ओळी, अवतरणचिन्हांसकट, सुवाच्य. वर सल्लाही: घरचे तीन गट वेगळ्या फाइलीत ठेवा, स्क्रिप्टला दुसऱ्याच फाइलीत लिहू द्या, आणि मुख्य मेनूत दोन्ही जोडा. म्हणजे स्क्रिप्ट कितीदाही चालवली तरी घरच्यांना धक्का लागायचा नाही. इतकी साधी गोष्ट मला सुचू नये, याचा आधी स्वतःवर राग आला. मग तुझ्यावर. एवढं लांबलचक पत्र, आणि त्यात 'आई' हा शब्द फक्त मेनूच्या ओळीत! ती कशी आहे, हेही विचारलं नाहीस. मी फाइल मागितली, तू फाइल पाठवलीस. लेक कुणाची!

असो. ताकाला जाऊन भांडं मीही लपवलंच की. आता ऐक.

तुम्ही साताऱ्याला न सांगता रजिस्टर लग्न केलंत, तेव्हापासून तुझी आई तुझं नाव घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझी पत्रं मी मुद्दाम मोठ्यानं वाचतो. ती कुकर झाला म्हणून उठून जाते. कुकर लावलेलाच नसतो. मात्र रोज दुपारी मी आडवा झालो की ती कॉम्प्युटर पुसायला जाते. मला वाटायचं, स्वच्छतेचं वेड, दुसरं काय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथूनच ओरडली, "अहो, इथलं माझं कुठं गेलं?"

जाऊन बघतो तर हातात फडकं, आणि पडद्यावर माझा तो लांबडा मेनू.

"तुझं काय इथं?"

"माझं म्हणजे माझं. वर 'आई' लिहिलेलं. ते दाबलं की पत्त्यांचा डाव निघायचा."

"तुला खेळता येतं त्याच्यावर?"

"न यायला काय झालं? शिकवलं होतं तिनं."

तिनं! मी नुसते कान टवकारले. 'खेळ' उघडला, त्यातून 'पत्ते' काढले, म्हटलं, "हा घे. तोच डाव."

"हा नको."

"अगं, तोच आहे. पत्तेसुद्धा तेच."

"असेल. पण हा सगळ्यांचा आहे," म्हणाली, आणि फडकं माझ्या हातात देऊन निघून गेली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. विचारायची छाती कुणाला?

काल तुझं पाकीट आलं तेव्हा ती भाजणी भाजत होती. कढईतली नजर न काढता म्हणाली, "काय म्हणते?"

"कोण?"

"कोण काय विचारता? जिनं ते केलं होतं, ती."

आणि मी, गिऱ्हाइकाला कधी नसलेला बिघाड न सांगितलेला माणूस, बेधडक म्हणालो, "ती म्हणते, हे पत्रानं व्हायचं काम नाही. इथं येऊनच करावं लागेल."

ती झारा हलवत राहिली. मला वाटलं, संपलं; आता पुन्हा तोंड मिटणार. मग म्हणाली, "दिवाळीत एकटी कशी येईल? जावयाचा दिवाळसण राहिलाय ना." आणि थोड्या वेळानं, "त्यांना चकली तिखट चालते का, तेवढं विचारा."

जावई म्हणाली गं! इतके दिवस ते बिचारे 'तो साताऱ्याचा' होते.

मला तुझा स्वभाव माहीत आहे. तू म्हणशील, आईनं स्वतः दोन ओळी लिहाव्यात. ती लिहिणार नाही. तू वाट बघशील, ती वाट बघेल, आणि मी मधे बसून बिनमिठाची आमटी जेवेन. पुरे झालं आता. ती पहिले दोन दिवस नुसतं मेनूबद्दलच बोलेल. तूही मेनूबद्दलच बोल. तिच्याशेजारी खुर्ची ओढून बस, काय कसं करायचं ते दाखव. तुझं येणं राहिलं तर तिनं काढलेला तो शब्द ती परत गिळून टाकेल, आणि पुन्हा काढणार नाही. मी तिला तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतो.

जयराजरावांना पॉवरहाउसमधली पाळी बदलून घ्यायला सांग. कराडला गाडी बदलून या. सांगलीच्या स्टँडवर मी असेन. वसुबारसेच्या आत या.

तुझी पानं माझ्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, कळतंय मला. तुझी आई रोज दुपारी जाते, तो लांबडा मेनू उघडून बघते, बंद करते आणि माझ्यावर डाफरते, "एवढी पुस्तकं वाचता, आणि एवढं येत नाही?"

मी म्हणतो, नाही येत.

हात बांधून तुमची वाट बघणारे,
तुझे
बाबा